अतिवेगाने जाणारे विमान किती तापेल?

(संस्थेच्या विज्ञान कार्यक्रमात कोलशेत येथे पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण.)



मी बी.ए., बी.एड. झालेला, भूगोल शिकवणारा शिक्षक. विमानाच्या उष्णतेवर बोलायला एखादा इंजिनियर बोलवायला हवा होता, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. ते रास्तच आहे. पण हा विषय मला भूगोलाच्याच वाटेने भेटला. पावसाचा अंदाज वर्तवण्यासाठी हवेचे जे गणित मांडतात, तेच गणित विमानाचे नाक किती तापेल हे काढण्यासाठी मांडावे लागते. हवा एकच, तिचे नियमही तेच. शिवाय आपल्या कोलशेत रस्त्यावर हवाई दलाचे केंद्र आहे. त्याच्या भिंतीवरून रोज शाळेत येणाऱ्या मुलांना विमानाचे कुतूहल असतेच. तेव्हा आज थोडा वेळ आकाशात घालवू.

सुरुवात सायकलच्या पंपापासून करू. चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते, हे प्रत्येकाने हाताने अनुभवलेले आहे. विचारले, की मुले सांगतात, "सर, आतला दट्ट्या घासतो म्हणून." थोडे घासते हे खरे, पण मुख्य कारण वेगळे आहे. आत कोंडलेली हवा दाबली जाते आणि दाबलेली हवा तापते. विमानाचेही तसेच. विमान हवेतून जाते तेव्हा नाकासमोरच्या हवेला बाजूला व्हायला वेळ लागतो. वेग आवाजाच्या वेगापेक्षा कमी असेल तोवर हवेला पुढून वर्दी मिळते आणि ती सरकते. वेग त्याहून वाढला, की वर्दी पोचायच्या आधी विमानच पोचते. मग हवा नाकासमोर एकदम दाबली जाते आणि तिथे दाबाची एक पातळ, अदृश्य भिंत उभी राहते. तिला आघात-तरंग म्हणतात. या भिंतीतून पलीकडे आलेली हवा तापलेली असते.

दुसरी गोष्ट घडते ती विमानाच्या कातडीवर. पत्र्याला अगदी लागून असलेला हवेचा थर पत्र्याला चिकटून त्याच्याबरोबरच चालतो. त्याच्या बाहेरची हवा मात्र प्रचंड वेगाने मागे पळत असते. या दोहोंमधल्या पातळ थरात हवेचा वेग मोडतो. लोकलला ब्रेक लागल्यावर गाडीची गती कुठे जाते? चाकांच्या आणि ब्रेकच्या उष्णतेत जाते. इथेही मोडलेल्या वेगाची उष्णता होते. या थराला सीमास्तर म्हणतात. आजच्या विषयातले सगळे कठीण प्रश्न याच पातळ थरात दडलेले आहेत.

किती तापते याचा साधा हिशेब नववीच्या मुलालाही करता येईल. विमानाचा वेग आवाजाच्या वेगाच्या किती पट आहे तो आकडा घ्या. त्याला मॅक अंक म्हणतात. त्याचा वर्ग करा, ०.२ ने गुणा आणि त्यात १ मिळवा. बाहेरच्या हवेच्या केल्विनमधल्या तापमानाला या संख्येने गुणले, की नाकाच्या टोकावर अडलेल्या हवेचे तापमान मिळते. अकरा किलोमीटर उंचीवर हवा उणे ५६ अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे २१७ केल्विन असते. आपल्या डोक्यावरून मुंबईकडे उतरणारी प्रवासी विमाने त्या उंचीवर आवाजाच्या ०.८ पट वेगाने येतात. हिशेब केला तर नाकाच्या टोकाला २८ अंशांची वाढ मिळते. बाहेर उणे ५६, टोकाला उणे २८. तेवढ्याने काही बिघडत नाही.

आता वेग दुप्पट करा. वेग २ असेल तर २१७ ला १.८ ने गुणायचे. उत्तर ३९० केल्विन, म्हणजे ११७ अंश सेल्सिअस. बाहेर हाडे गोठवणारी थंडी आणि विमानाच्या नाकावर पाणी उकळेल इतकी उष्णता! कॉन्कॉर्ड हे प्रवासी विमान २००३ पर्यंत उडत होते. त्याचा वेग दोनच्या किंचित वर असे आणि त्याच्या नाकासाठी १२७ अंशांची मर्यादा घातलेली होती. उड्डाणात तापून ते विमान सुमारे वीतभर लांब होत असे. वैमानिकांच्या कक्षात एका ठिकाणी हवेत असताना फट पडायची आणि जमिनीवर उतरल्यावर ती मिटायची. १९६४ साली प्रथम उडालेले अमेरिकेचे एसआर-७१ हे टेहळणी विमान तीनपटीहून अधिक वेगाने जाई. तिथे हिशेब चारशे अंशांच्या जवळ जातो. नेहमीचे अॅल्युमिनियम इतक्या उष्णतेत मऊ पडते, म्हणून ते विमान बहुतांशी टायटॅनियमचे बनवले. तापल्यावर प्रसरण व्हायला जागा राहावी म्हणून त्याच्या पत्र्यांचे सांधे सैल ठेवलेले असत. त्यामुळे जमिनीवर उभे असताना त्याच्या टाक्यांतून इंधन ठिबकत राही. रेल्वेच्या रुळांत फट का ठेवतात, हा पाचवीतला प्रश्न इथे पुन्हा भेटतो.

मग प्रश्न सुटला का? सूत्रात आकडा घाला, उत्तर काढा आणि विमान बांधा? तसे नाही. सूत्र सांगते ते एका बिंदूवरच्या हवेचे तापमान. विमान बांधणाऱ्याला विचारायचे असते ते निराळेच. पंखाच्या पुढच्या कडेतून दर सेकंदाला किती उष्णता आत शिरेल? खिडकीच्या काचेपाशी किती? दोन पत्र्यांच्या सांध्यात किती? दहा मिनिटांनी आतला सांगाडा किती तापला असेल? आणि वेग फार वाढला, की सूत्रच मोडते. अंतराळातून परतणारे यान आवाजाच्या सुमारे पंचवीसपट वेगाने वातावरणात शिरते. वरचे सूत्र वापरून पाहा, उत्तर २७ हजार केल्विनच्या वर जाते. प्रत्यक्षात तापमान त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाच्या आसपास राहते. उरलेली उष्णता जाते कुठे? ती हवेचे रेणू फोडण्यात खर्च होते. आधी ऑक्सिजनचे रेणू फुटतात, मग नायट्रोजनचे. म्हणजे भौतिकशास्त्राच्या तासाला सुरू झालेला प्रश्न रसायनशास्त्राच्या तासात जाऊन बसतो.

इथे मी मुलांना एक कोडे घालतो. अंतराळातून परतणाऱ्या यानाचे नाक कसे असावे? सगळे वर्ग एकच उत्तर देतात, सुईसारखे टोकदार. जगातल्या मोठमोठ्या तज्ज्ञांनाही पूर्वी तसेच वाटत होते. १९५१ साली अमेरिकेच्या एम्स या संशोधन केंद्रातील एच. ज्युलियन अॅलन यांनी गणिताने दाखवून दिले, की नाक बोथट हवे. बोथट नाकासमोर आघात-तरंगाची भिंत थोडी दूर उभी राहते आणि बरीचशी उष्णता हवेतच राहून बाजूने निघून जाते. टोकदार नाकाला ती भिंत जवळजवळ चिकटते आणि टोक वितळते. नाकाची गोलाई चौपट केली, तर टोकावर शिरणारी उष्णता निम्मी होते. चंद्रावरून परतलेली याने बसकी आणि बोथट का होती, याचे उत्तर हे आहे. एम्स हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. तापमान आधी कसे काढायचे? प्रयोग करून पाहावा म्हटले, तर इतक्या वेगाचा वारा प्रयोगशाळेत फार वेळ वाहता ठेवता येत नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत असा वारा निर्माण करणाऱ्या आघात-नळ्या आहेत. पण त्यातला वारा टिकतो सेकंदाच्या हजाराव्या हिश्शांत मोजावा इतका वेळ. पापणी लवेपर्यंत प्रयोग संपलेला असतो. त्यातून मिळणारी मोजमापे मोलाची असली, तरी उड्डाण मिनिटे-मिनिटे चालते आणि यान नळीतल्या नमुन्यापेक्षा कितीतरी मोठे असते. म्हणून तिसरा मार्ग उरतो, तो संगणकावर मांडलेल्या प्रतिकृतीचा.

संगणक हे कसे करतो, हे समजण्यासाठी संगणक लागत नाही. स्वयंपाकघरात चला. देगचीत उकळत्या पाण्यात लोखंडी झारा उभा आहे. त्याचे खालचे टोक १०० अंशांवर आहे आणि वरचे टोक तुमच्या अम्मीने ओल्या फडक्याने २० अंशांवर धरले आहे. मधल्या दांड्यावर सारख्या अंतराने तीन खुणा करा. तिथे तापमान किती असेल? एक सोपा नियम घ्या. प्रत्येक खुणेचे तापमान हे तिच्या दोन शेजाऱ्यांच्या तापमानांची सरासरी असते. सुरुवातीला तिन्ही खुणा २० धरा आणि एकेक फेरी करत जा. पहिल्या फेरीत ६०, २०, २० मिळतात. दुसरीत ६०, ४०, २०. तिसरीत ७०, ४०, ३०. चौथीत ७०, ५०, ३०. पाचवीत ७५, ५०, ३५. असेच चालत राहा, उत्तर ८०, ६०, ४० कडे सरकत जाते आणि तिथे थांबते. दांड्यातून बाजूच्या हवेत उष्णता जात नाही असे धरले, तर हेच खरे उत्तर आहे.

संगणक करतो ते याहून वेगळे काही नाही. फक्त झाऱ्यावर तीन खुणा होत्या, विमानाभोवतीच्या हवेत लाखो घरांची जाळी टाकावी लागते. प्रत्येक घरात एकट्या तापमानाऐवजी दाब, घनता आणि तीन दिशांचा वेग यांचाही हिशेब ठेवायचा. एका घरातून बाहेर गेलेली हवा शेजारच्या घरात आलीच पाहिजे. वस्तुमान, गती आणि ऊर्जा या तिन्हींची जमा-खर्चाची वही जुळलीच पाहिजे. किराणा दुकानदार रात्री गल्ला जुळवतो, तसा हा गल्ला प्रत्येक घराचा, प्रत्येक क्षणाला जुळवायचा. पत्र्याजवळच्या सीमास्तरात तर घरे इतकी बारीक करावी लागतात, की एखाद्या केसाच्या जाडीत कितीतरी घरे बसावीत. कारण पत्र्यात शिरणारी उष्णता ठरते ती अगदी पहिल्या दोन-चार घरांतल्या तापमानाच्या फरकावरून. तिथे जाळी जाड ठेवली, तर बाकी सगळे बरोबर असूनही उष्णतेचा आकडा चुकतो.

ही जाळीची कल्पना आली कुठून? इथे मला माझ्या भूगोलाचा अभिमान वाटतो. ती आली हवामानाच्या अंदाजातून. लुईस फ्राय रिचर्डसन नावाचे इंग्रज गणिती पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमींच्या रुग्णवाहिकेवर काम करत होते. त्या धामधुमीत त्यांनी युरोपच्या नकाशावर चौकटी आखल्या आणि २० मे १९१० या एका दिवसाच्या सहा तासांचा हवामान-अंदाज हाताने करून पाहिला. त्यात आठवडेच्या आठवडे गेले आणि उत्तर साफ चुकले. हवेचा दाब प्रत्यक्षात जवळजवळ हललाच नव्हता, यांच्या गणिताने तो १४५ मिलिबार वाढला होता. तरीही त्यांनी चुकीच्या उत्तरासह सगळी रीत १९२२ साली पुस्तकात छापली. त्यात त्यांनी एक मोठे सभागृह कल्पिले आहे. ६४ हजार माणसे बाकांवर बसली आहेत, प्रत्येक जण नकाशातल्या आपल्या चौकटीचे गणित करतो आणि उत्तर शेजाऱ्याला देतो. त्या काळी आकडेमोड करणाऱ्या माणसालाच 'कॉम्प्युटर' म्हणत असत.

ते सभागृह पुढे खरेच उभे राहिले. त्यात माणसांच्या जागी यंत्रे होती आणि त्यातले एक आपल्या पुण्यात होते. १९८० नंतरच्या वर्षांत आपल्या देशाला महासंगणक हवा होता. अमेरिका तो सहजासहजी विकायला तयार नव्हती. हवामानाच्या कामासाठी एक क्रे संगणक अटी घालून दिला गेला, त्याहून शक्तिमान यंत्र नाकारले गेले. हवेच्या प्रवाहाचे गणित पावसासाठी चालते तसे क्षेपणास्त्रासाठीही चालते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. मग १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. तिची धुरा अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावी जन्मलेल्या डॉ. विजय भटकर यांच्याकडे आली. १९९१ साली 'परम ८०००' हा संगणक तयार झाला. एकच प्रचंड यंत्र बांधण्याऐवजी ६४ लहान गणकयंत्रे एकमेकांना जोडून काम वाटून द्यायचे, अशी त्याची रचना होती. रिचर्डसन यांच्या सभागृहातले बाकच म्हणा ना. त्याची कमाल गती सेकंदाला शंभर कोटी गणिते इतकी होती. आज खिशातला मोबाईल त्याहून जलद असतो, पण त्या वेळी ही मजल मोठी होती.

याच सुमारास दक्षिणेत आणखी एक काम चालले होते. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम 'अग्नी' क्षेपणास्त्राच्या मागे होते. अग्नी वातावरणाच्या वर जाऊन पुन्हा खाली शिरते, त्यामुळे त्याच्या नाकाचा प्रश्न मी आत्ता सांगितला तोच होता. माधुरी शानभाग यांनी ज्याचा 'अग्निपंख' हा मराठी अनुवाद केला, त्या आत्मचरित्रात कलामांनी सांगितले आहे, की बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक देशपांडे आणि त्यांच्या हाताखालचे चार तरुण यांनी अतिवेगवान प्रवाहाचे गणित करणारा संगणक-कार्यक्रम सहा महिन्यांत लिहून दिला. २२ मे १९८९ रोजी अग्नीचे पहिले उड्डाण यशस्वी झाले. यंत्र नाकारता आले, गणित नाकारता आले नाही. चार तरुण आणि सहा महिने, हा आकडा मी दहावीच्या वर्गात मुद्दाम सांगतो.

पालक मंडळींना वाटेल, आता काय, संगणकात आकडे घातले की उत्तर तयार! मला आज खरे बोलायचे आहे ते याच समजुतीविषयी.

अमेरिकेचे एक्स-१५ हे प्रायोगिक विमान ३ ऑक्टोबर १९६७ रोजी आवाजाच्या ६.७ पट वेगाने, ताशी ७,२७४ किलोमीटर, उडाले. विल्यम नाईट वैमानिक होते. उष्णतेपासून रक्षण व्हावे म्हणून विमानाला खास लेप दिला होता. पोटाखाली एका नव्या इंजिनाचा नुसता नमुना टांगला होता. त्या नमुन्यापासून उठलेले आघात-तरंग शेपटीच्या खालच्या पात्यावर जाऊन आदळले. जिथे असा तरंग सीमास्तरावर आदळतो, तिथे उष्णता कितीतरी पटींनी वाढते. पात्याला भोके पडली आणि नमुना जळून, तुटून खाली पडला. वैमानिक सुखरूप उतरले, पण ते विमान पुन्हा उडाले नाही. विमान तयार करणाऱ्यांना एकूण उष्णतेची पुरेशी कल्पना होती. धोका होता तो एका वीतभर जागेत.

अजून एक नाजूक गोष्ट. घरात अगरबत्ती लावा आणि धुराकडे पाहा. काही अंतर धूर सरळ रेषेत वर जातो, मग अचानक त्याची गुंतागुंत होते. सीमास्तराचेही तसेच होते. तो शांत असेल तोवर उष्णता कमी शिरते, खळबळ सुरू झाली की ती कित्येक पट होते. ही खळबळ नेमकी कुठे सुरू होईल, हे आजचे सर्वांत मोठे संगणकही खात्रीने सांगू शकत नाहीत. पृष्ठभागावरचा एखादा खडबडीत सांधाही ती जागा बदलून टाकतो. म्हणून सावध माणसे दोन्ही आकडे काढतात आणि बांधणी वाईट आकड्यासाठी करतात.

आता एम्सकडे परत येतो. हरयाणातील कर्नालची एक मुलगी १९८२ साली चंडीगडच्या पंजाब अभियांत्रिकी महाविद्यालयातून विमानविद्येची पदवी घेऊन अमेरिकेला गेली. १९८८ साली तिने डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी ती एम्समध्ये कामाला लागली. काम कोणते, तर संगणकावर विमानाभोवतीच्या हवेच्या प्रवाहाची प्रतिकृती मांडण्याचे. ही मुलगी म्हणजे कल्पना चावला. आपण त्यांना अंतराळवीर म्हणून ओळखतो. त्याआधी त्या आज मी सांगतो आहे तेच गणित करणाऱ्या संशोधक होत्या, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

१६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यान त्यांना घेऊन उडाले. उड्डाणानंतर ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरच्या फेसासारख्या आवरणाचा एक तुकडा सुटून डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. यान अंतराळात असतानाच जमिनीवरच्या तज्ज्ञांनी नुकसानीचा अंदाज संगणकावर काढला. त्यासाठी वापरलेला कार्यक्रम अगदी लहान तुकड्यांच्या प्रयोगांवरून तयार केलेला होता आणि हा तुकडा त्यांच्या शेकडो पट मोठा होता. त्या कार्यक्रमाने यानाच्या फरशांचे नुकसान खोलवर होईल असे दाखवले. पण तो नेहमीच जास्त दाखवतो, असे म्हणून तो आकडा सौम्य धरला गेला. पंखाची छायाचित्रे घेऊन पाहावे, ही काही अभियंत्यांची विनंतीही मागे पडली. १ फेब्रुवारी रोजी परतताना पंखाच्या कडेतल्या भोकातून तप्त वायू आत शिरला. पंखाचे बाहेरचे कवच सुमारे १६५० अंशांपर्यंत टिकेल असे होते, आतला सांगाडा अॅल्युमिनियमचा होता आणि अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. यान तुटले आणि सातही जण गेले. पुढे जुलैमध्ये तशाच आवरणाचा तुकडा तशाच कडेवर तोफेने मारून पाहिला, तेव्हा भलेमोठे भोक पडले. प्रत्यक्ष प्रयोग झाला तो इतक्या उशिरा.

संगणक तिथे खोटे बोलला नव्हता. ज्या प्रश्नासाठी तो तयार केला नव्हता, तो प्रश्न त्याला विचारला गेला आणि मिळालेले उत्तर सोयीचे करून वाचले गेले. मुलांनो, गणितात उत्तर काढल्यावर ताळा पाहा, असे आम्ही सांगतो तेव्हा तुम्ही कंटाळता. रिचर्डसन यांनी ताळा पाहिला, चूक दिसली आणि ती छापली. इथे ताळा पाहण्याची संधी असून ती घेतली गेली नाही.

आपल्या देशातही हा ताळा पाहण्याचे काम टप्प्याटप्प्याने झाले आहे. १० जानेवारी २००७ रोजी सोडलेली ५५० किलोची एक कुपी बारा दिवस पृथ्वीभोवती फिरून २२ जानेवारीला बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरली. २३ मे २०१६ रोजी पंख असलेले लहान यान आवाजाच्या सुमारे पाचपट वेगापर्यंत नेऊन पाहिले. त्याआधी १८ डिसेंबर २०१४ रोजी माणसे बसतील अशा आकाराची रिकामी कुपी १२६ किलोमीटर उंचीवरून परत आणली होती. ७ सप्टेंबर २०२० रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावरून उडालेल्या एका यानाने आवाजाच्या सहापट, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन किलोमीटर वेग वीस सेकंदांहून अधिक काळ राखला. अशा चाचणीत आतल्या तापमापकांनी नोंदलेले आकडे आणि संगणकाने आधी सांगितलेले आकडे शेजारी शेजारी ठेवता येतात. जिथे फरक पडतो तिथे प्रतिकृती सुधारायची. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रात असे गणित करणारा जो कार्यक्रम तयार झाला, त्याला 'प्रवाह' असे सुरेख नाव दिले आहे. गगनयानाच्या तयारीत तो वापरला गेला. त्या कुपीत माणूस बसायचा आहे, तेव्हा आकड्याला किंमत किती, हे वेगळे सांगायला नको.

शेवटी पालकांसाठी थोडे. "मुलाला कॉम्प्युटरच्या क्लासला घातले आहे, आता गणित थोडे कच्चे राहिले तरी चालेल ना?" असे मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारते. चालणार नाही. आज सांगितलेल्या कामात बोटांनी यंत्र चालवणे हा सगळ्यात सोपा भाग आहे. सरासरी, वर्ग, आलेख, प्रमाण आणि पुढे कलनशास्त्र हेच खरे काम. अकरावी-बारावीला विज्ञान शाखेत गणित सोडू नये. सोडले की हा दरवाजा बंद होतो आणि पुढे तो उघडणे फार अवघड जाते. आपल्यापासून एका बसच्या अंतरावर पवईला आयआयटीमध्ये विमानविद्येचा स्वतंत्र विभाग आहे. तिरुवनंतपुरमला अंतराळविज्ञानाची स्वतंत्र संस्था २००७ पासून आहे. प्रवेश परीक्षा कठीण असतात, हे लपवण्यात अर्थ नाही. आणि हे सगळे मुलींनाही तितकेच लागू आहे. कर्नाल काही मोठे शहर नव्हते.

ज्यांना झाऱ्याचे गणित पुढे न्यायचे असेल, त्यांच्यासाठी एक काम देतो. आलेखाच्या कागदावर पाच गुणिले पाच घरांचा चौकोन काढा. वरची कड १०० आणि बाकीच्या तीन कडा २० धरा. आतल्या प्रत्येक घरासाठी चारही शेजाऱ्यांची सरासरी घेत फेऱ्या करा. दोघा-दोघांनी मिळून करा, एकाने आकडेमोड करायची आणि दुसऱ्याने ताळा पाहायचा. किती फेऱ्यांनी आकडे हलायचे थांबतात ते लिहून ठेवा. शनिवारी शाळा सुटल्यावर मी भूगोलाच्या खोलीत असेन, कागद घेऊन या.